टाइम-शेअरिंगचा जन्म आणि वारसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑपरेटिंग सिस्टिमच्या अभ्यासक्रमात 'टाइम-शेअरिंग' पहिल्याच धड्यात भेटतं. दोन ओळींची व्याख्या पाठ होते, परीक्षेत दोन गुण मिळतात आणि विषय पुढे सरकतो. त्या दोन ओळींमागे दीड दशकाची धडपड आहे. पासवर्ड, ईमेल, फोल्डरमधला फोल्डर, लॉगिन अशा आपल्या रोजच्या कितीतरी गोष्टींचं मूळ तिच्यात सापडतं. मला हा इतिहास फार जवळचा वाटतो. नवीन वाचकांना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

टाइम-शेअरिंग म्हणजे नेमकं काय?

लग्नातली पंगत डोळ्यांसमोर आणा. वाढपी एक आणि पानं पन्नास. तो भात वाढून पुढे जातो, पानावरचा माणूस कालवतो, घास चावतो, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलतो, आणि वाटी रिकामी होते न होते तोच वाढपी परत समोर उभा असतो. आपण खोळंबलो असं कुणालाच वाटत नाही, कारण जेवणाऱ्याला जेवायला वेळ लागतोच.

संगणकासमोर बसलेल्या माणसाचंही असंच असतं. तो बहुतेक वेळ विचार करतो, वाचतो, एकेक अक्षर टाइप करतो. त्याच्या दोन अक्षरांमधल्या वेळात यंत्र हजारो सूचना पार पाडू शकतं. तो वेळ शेजारच्या टर्मिनलवरच्या, म्हणजे त्याच यंत्राला जोडलेल्या टंकयंत्रावरच्या, माणसाला द्यायचा, मग तिसऱ्याला, आणि पहिल्याने ओळ पूर्ण केली की त्याच्याकडे परत यायचं, ही मूळ कल्पना. फेरी पुरेशी जलद असली की प्रत्येकाला वाटतं, अख्खं यंत्र आपल्याच हाताशी आहे.

त्याआधी काम कसं चालायचं?

आधी प्रोग्राम कागदावर लिहायचा. मग पंचिंग यंत्रावर बसून एकेका ओळीचं एकेक कार्ड तयार करायचं. कार्डाला ऐंशी रकाने असत. गठ्ठा रबर बँडने बांधून खिडकीत द्यायचा. आत ऑपरेटर असे आणि यंत्रापाशी जायची मुभा फक्त त्याला. अनेकांचे गठ्ठे एकत्र करून, टेपवर उतरवून एकापाठोपाठ एक चालवले जात. या पद्धतीचं नाव बॅच प्रोसेसिंग. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, छापील कागदांची चळत हाती यायची आणि तिच्यावर लिहिलेलं असायचं की सतराव्या ओळीत स्वल्पविराम राहिला आहे. तो घालायचा आणि पुन्हा रांगेत उभं राहायचं.

यात कुणाचा मूर्खपणा नव्हता. आयबीएम ७०९४ सारख्या यंत्राची किंमत तीसेक लाख डॉलर होती. असं यंत्र माणसाच्या विचार करण्याची वाट बघत रिकामं बसणं परवडणारं नव्हतं. म्हणून सगळी व्यवस्था यंत्राचं मिनिट वाचवायला रचलेली होती, आणि माणसाचे दिवस त्यात खर्ची पडत होते. टाइम-शेअरिंगवाल्यांनी नेमका हा हिशेब उलटा मांडला. यंत्राचा थोडा वेळ या पानावरून त्या पानावर जाण्यात वाया गेला तर जाऊ दे, पण माणसाच्या विचाराची साखळी तुटता कामा नये, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढचं सगळं या एका आग्रहातून आलं आहे, असं मी मानतो.

कल्पना पहिल्यांदा कुणाला सुचली?

दोन नावं सांगितली जातात, आणि दोघांच्या मनात वेगवेगळी गोष्ट होती.

जॉन मॅकार्थी तेव्हा अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात होते. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' हे नाव रूढ करणारे आणि लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेचे जनक ते हेच. १ जानेवारी १९५९ तारखेच्या टिपणात त्यांनी मांडलं की संस्थेत येऊ घातलेल्या आयबीएम ७०९ वर अनेकांना एकाच वेळी थेट काम करता यावं. त्याच वर्षी जून महिन्यात पॅरिसला युनेस्कोच्या परिषदेत ब्रिटनच्या ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी वेगवान यंत्रांतल्या टाइम-शेअरिंगवर निबंध वाचला. स्ट्रेची यांचा भर मुख्यतः यंत्र सतत कामात ठेवण्यावर होता. एक प्रोग्राम टेपची वाट बघतोय तर तेवढ्यात दुसरा चालवावा, या तंत्राला आपण आज मल्टिप्रोग्रॅमिंग म्हणतो. मॅकार्थींच्या डोळ्यांसमोर टर्मिनलपाशी बसलेली माणसं होती.

पुस्तकांत या दोन कल्पना सर्रास एकत्र कालवल्या जातात, म्हणून हा फरक ध्यानात ठेवा.

चालती-बोलती पहिली यंत्रणा कोणती?

एमआयटीची कम्पॅटिबल टाइम-शेअरिंग सिस्टिम, म्हणजे सीटीएसएस. फर्नांडो कोर्बातो, मार्जोरी डॅगेट आणि रॉबर्ट डेली यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये तिचं पहिलं प्रात्यक्षिक एमआयटीच्या आयबीएम ७०९ वर दाखवलं.

त्या दिवशी फक्त चार टर्मिनलं होती. टर्मिनल म्हणजे फ्लेक्सोरायटर, कागदावर टाइप करणारं विजेवरचं टंकयंत्र. पडदा नव्हता, डिस्क नव्हती. मेमरीत एका वेळी एकाच वापरणाऱ्याचा प्रोग्राम मावे. त्याची पाळी संपली की त्याचा सगळा पसारा उचलून त्याच्या नावाच्या टेपवर लिहायचा, दुसऱ्याचा पसारा दुसऱ्या टेपवरून मेमरीत आणायचा. चार माणसांना चार टेप! हे किती अवघड असेल याची कल्पना करा आणि तरी ते चाललं.

पुढच्या वर्षी मे महिन्यात तिघांनी त्यावर निबंध वाचला. मग यंत्र बदललं, ७०९४ आलं, टेपच्या जागी डिस्क आणि ड्रम आले आणि १९६३ पासून सीटीएसएस रोजच्या वापरात उतरली. साधारण तीस माणसं एकाच वेळी काम करू शकत. मेमरीच्या दोन पेट्या होत्या, प्रत्येकीत ३६ बिटांचे ३२,७६८ शब्द. एकीत खुद्द यंत्रणा आणि दुसरीत माणसांचे प्रोग्राम. आजच्या मापात एक पेटी १४४ किलोबाइटची भरते. फोनने काढलेला एक साधा फोटोही तिच्यात मावणार नाही.

नावातलं 'कम्पॅटिबल' फार महत्त्वाचं होतं. नेहमीची बॅचची कामं त्याच यंत्रावर मागे चालू राहतील, ज्यांना कार्डांचे गठ्ठेच हवेत त्यांचं काही बिघडणार नाही, असं आश्वासन त्यात होतं. ते नसतं तर एवढ्या महाग यंत्रावर हा प्रयोग कुणी करू दिला असता का, याची मला शंका आहे. २० जुलै १९७३ रोजी सीटीएसएस कायमची बंद झाली. कोर्बातो यांना १९९० चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २०१९ मध्ये ते गेले.

नुसता प्रोग्राम लिहून हे जमलं असतं का? यंत्रातही बदल करावे लागले?

यंत्रात बदल करावेच लागले. यंत्रणा आणि माणसाचा प्रोग्राम एकाच मेमरीत राहणार, म्हणजे प्रोग्राम चुकला तर यंत्रणेच्या जागेत घुसून तिला मोडणार. ते अडवायला मेमरीभोवती कुंपण लागतं. प्रोग्राम अंतहीन चक्रात अडकला तर तो स्वतःहून पाळी सोडणार नाही, म्हणून ठरावीक काळाने यंत्राला हाक मारणारं घड्याळ लागतं. टेप आणि डिस्क थेट हाताळण्याचा हक्क फक्त यंत्रणेकडे राहावा, ही तिसरी सोय. नेहमीच्या ७०९० किंवा ७०९४ मध्ये हे सगळं नव्हतं, आयबीएमकडून खास करून घ्यावं लागलं. आज तुमच्या खिशातल्या फोनच्या प्रोसेसरमध्ये हे तिन्ही जन्मजात असतं.

कुणाची पाळी कधी, हे कसं ठरायचं?

सरळ गोल फेरी मारली तर लांबलचक गणितं करणारा सगळ्यांना रडवतो. सीटीएसएसने अनेक पातळ्यांच्या रांगा केल्या. लहान प्रोग्राम वरच्या रांगेत शिरे आणि त्याला थोडाच वेळ मिळे. तेवढ्यात काम झालं तर उत्तमच. नाही झालं तर तो एक पायरी खाली जाई. तिथे पाळी उशिरा येई, पण आली की आधीच्या दुप्पट वेळ मिळे. त्यामुळे 'ही ओळ बदल' म्हणणाऱ्याला लगेच उत्तर मिळे आणि तासभर आकडेमोड करणाऱ्याचंही काम हळूहळू पार पडे. यातली खुबी अशी की कोण घाईत आहे हे कुणाला विचारावं लागत नाही, वागण्यावरूनच कळतं. 'मल्टिलेव्हल फीडबॅक क्यू' या नावाने हे आजही शिकवतात.

पासवर्ड खरंच इथेच सुरू झाला?

संगणकावरचा पासवर्ड पहिल्यांदा सीटीएसएसवर आला, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. बॅचच्या जमान्यात त्याची गरजच नव्हती, कारण तुमचा गठ्ठा तुमच्या हातात असे. आता सगळ्यांच्या फायली एकाच डिस्कवर आल्या, आणि 'हे कुणाचं?' हा प्रश्न संगणकाच्या इतिहासात पहिल्यांदा उभा राहिला. वाटणीचा वेळही मोजून मिळत असे, तेव्हा कुणाच्या नावावर किती खर्च झाला याचा हिशेब ठेवणं भागच होतं.

आणि कुलूप आलं की किल्लीचे किस्से आलेच. ॲलन शेर हे टाइम-शेअरिंग यंत्रणांच्या कार्यक्षमतेवरच पीएचडी करत होते आणि त्यांना मिळणारा वेळ पुरत नव्हता. १९६२ मध्ये त्यांनी पासवर्डची फाइल छापून हवी, अशी विनंती एका कार्डावर करून ठेवली. यंत्रणेने ती इमानेइतबारे छापून दिली! बऱ्याच वर्षांनी त्यांनी स्वतःच हे सांगितलं.

१९६६ चा किस्सा याहून शिकण्यासारखा आहे. एक प्रशासक पासवर्डची फाइल दुरुस्त करत होता, त्याच वेळी दुसरा लॉगिन करताना दिसणारा रोजचा संदेश लिहीत होता. एडिटर तात्पुरत्या फाइलला नेहमी एकच नाव देई, कारण त्या जागेत एका वेळी एकच माणूस काम करेल असं तो बनवणाऱ्याने गृहीत धरलं होतं. दोन्ही फायलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या कागदावर सगळ्यांचे पासवर्ड छापून येऊ लागले. कोर्बातो यांनी आपल्या ट्युरिंग व्याख्यानात हा प्रसंग सांगितला आहे. दोघांनी एकाच वेळी एकाच गोष्टीला हात लावल्यावर काय होतं, हा प्रश्न आजही प्रत्येक प्रोग्रॅमरला छळतो. त्याचं इतकं बोलकं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आणि ईमेल?

१९६५ मध्ये टॉम व्हॅन व्लेक आणि नोएल मॉरिस यांनी सीटीएसएसवर 'मेल' ही आज्ञा लिहिली. एकाच यंत्रावरच्या दुसऱ्या माणसाच्या जागेत निरोप ठेवायचा, त्याने पुढच्या वेळी लॉगिन केलं की त्याला कळतं. नेटवर्क नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती, कारण माणसं आधीच एका छपराखाली आली होती. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी टेनेक्स नावाच्या दुसऱ्या टाइम-शेअरिंग यंत्रणेवर काम करताना असाच निरोप एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात पाठवला, आणि माणसाचं नाव व यंत्राचं नाव यांच्या मध्ये ॲटचं चिन्ह घातलं.

त्याच सीटीएसएसवर जेरोम सॉल्टझर यांनी 'रनऑफ' हा मजकूर सुबक मांडून छापणारा प्रोग्राम लिहिला, आणि जोसेफ वायझेनबाम यांनी मानसोपचारतज्ज्ञासारखी बोलणारी 'एलायझा' घडवली. एलायझा बॅचवर शक्यच नव्हती. खिडकीत गठ्ठा देऊन दुसऱ्या दिवशी उत्तर घेतलं, तर त्याला कुणी संवाद म्हणणार नाही.

या सगळ्याला पैसा कुठून आला?

अमेरिकन संरक्षण खात्याच्या आर्पा या संस्थेकडून. १९६२ च्या ऑक्टोबरात तिथल्या संगणक विभागाची सूत्रं जे. सी. आर. लिकलायडर यांच्याकडे आली. ते मूळचे मानसशास्त्रज्ञ. माणूस आणि संगणक यांनी जोडीने विचार करावा, असं मांडणारा निबंध त्यांनी १९६० मध्येच लिहिला होता. त्यांनी एमआयटीत 'प्रोजेक्ट मॅक' उभा केला. तो १ जुलै १९६३ रोजी रॉबर्ट फानो यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. कॅलिफोर्नियातल्या प्रकल्पांनाही त्यांनी हात दिला, त्यात बर्कलीचा 'प्रोजेक्ट जीनी' होता. लष्करी पैसा आणि मानसशास्त्रज्ञाची नजर, असं हे विलक्षण मिश्रण आहे.

डार्टमथचं नाव नेहमी का घेतलं जातं?

कारण तिथे हे यंत्र सगळ्यांसाठी खुलं झालं. माझ्या मते या इतिहासातली ही सर्वात सुंदर गोष्ट आहे.

एमआयटीत वापरणारे बहुतेक संशोधक होते. न्यू हॅम्पशरमधलं डार्टमथ हे तुलनेने लहान कॉलेज. तिथले गणिताचे प्राध्यापक जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांनी ठरवलं की ग्रंथालयात जसं कुणीही जाऊन पुस्तक उघडतो तसं कुठल्याही विद्यार्थ्याला संगणकापाशी बसता आलं पाहिजे, मग तो इतिहासाचा असो की साहित्याचा. त्यासाठी दोन गोष्टी हव्या होत्या, टाइम-शेअरिंग यंत्रणा आणि दुपारभरात शिकता येईल अशी भाषा. भाषा म्हणजे बेसिक.

जनरल इलेक्ट्रिकची (जीई) दोन यंत्रं त्यांनी जोडली. टर्मिनलांवरची टकटक डेटानेट-३० सांभाळे, प्रोग्राम जीई-२२५ चालवी. यंत्रणा लिहिण्याचं बरंचसं काम पदवीपूर्व विद्यार्थ्यांनी केलं. १ मे १९६४ रोजी पहाटे चारच्या सुमाराला बेसिकचे प्रोग्राम दोन टर्मिनलांवरून एकाच वेळी चालले आणि दोन्ही उत्तरं बरोबर आली.

जनरल इलेक्ट्रिकने हीच यंत्रणा पुढे टेलिफोनच्या तारेवरून भाड्याने द्यायला सुरुवात केली. सिएटलच्या लेकसाइड शाळेत १९६८ मध्ये एक टेलिटाइप बसवला गेला आणि त्याला फोनवरून जीईची सेवा जोडली गेली. त्या टेलिटाइपवर बिल गेट्स आणि पॉल ॲलन ही शाळकरी मुलं बेसिक शिकली. सात वर्षांनी त्यांनी आल्टेअर या घरगुती संगणकासाठी बेसिक लिहिली. तीही लिहिली हार्वर्डमधल्या, डेक या कंपनीच्या पीडीपी-१० वर, म्हणजे पुन्हा टाइम-शेअरिंग यंत्रावरच. आल्टेअर समोर नव्हता, म्हणून ॲलन यांनी पीडीपी-१० ला आल्टेअरची नक्कल करायला लावलं होतं.

आयबीएम मागे कशी पडली?

एप्रिल १९६४ मध्ये जाहीर झालेल्या सिस्टिम/३६० मध्ये मेमरीचे पत्ते चालता चालता बदलून देण्याची सोय नव्हती, आणि एमआयटीला तीच हवी होती. मग प्रोजेक्ट मॅकने जनरल इलेक्ट्रिकचं यंत्र निवडलं आणि आयबीएमची धावपळ उडाली. घाईने ३६०/६७ आणि तिच्यासाठी टीएसएस/३६० ही अवाढव्य यंत्रणा हाती घेतली गेली. ती रखडली.

दरम्यान आयबीएमच्याच मॅसॅच्युसेट्सच्या केंब्रिजमधल्या छोट्या केंद्राने वेगळी वाट काढली. तिथले रॉबर्ट क्रीसी आधी सीटीएसएसवर काम केलेले. त्यांच्या चमूने वापरणाऱ्याला यंत्राचा वेळ देण्याऐवजी अख्ख्या यंत्राचा भासच दिला. प्रत्येकाला स्वतःचं स्वतंत्र ३६०, अर्थात आभासी. सीपी-४० मग सीपी-६७, आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७०. आज क्लाउडवर आपण 'व्हर्च्युअल मशीन' भाड्याने घेतो, त्यांची वंशावळ इथे पोचते.

मल्टिक्स फसली, असं म्हणतात. खरं आहे का?

नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की थोडं सविस्तर लिहितो.

सीटीएसएसवर हात बसल्यावर कोर्बातो आणि मंडळींनी पुढची यंत्रणा योजली, तीच मल्टिक्स. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि टेलिफोन कंपनी एटी अँड टीची संशोधन संस्था बेल लॅब्स यांनी ती मिळून करायची होती. नळाचं पाणी किंवा वीज येते तशी संगणकशक्ती गावाला अहोरात्र पुरवायची, हे स्वप्न. मॅकार्थींनी १९६१ मध्येच संगणक ही सार्वजनिक सेवा होईल असं बोलून दाखवलं होतं. १९६५ मध्ये मल्टिक्सच्या आराखड्यावर सहा निबंध एकत्र प्रसिद्ध झाले. फोल्डरच्या आत फोल्डर अशी झाडासारखी फाइल-रचना, प्रत्येक फाइलला 'कोण वाचेल, कोण लिहील' अशी यादी, एकात एक बसवलेली संरक्षणाची वर्तुळं, फाइल आणि मेमरी यांतला भेदच पुसून टाकणं, यंत्रणा असेंब्लीऐवजी पीएल/१ या उच्चस्तरीय भाषेत लिहिणं, एवढं सगळं त्यात होतं.

एवढं एकदम करायला गेल्यावर उशीर होणारच. पीएल/१ चा कंपायलरच, म्हणजे त्या भाषेतला मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रामच, वेळेवर आला नाही. १९६९ मध्ये बेल लॅब्सने अंग काढून घेतलं. 'फसली' ही वदंता इथून सुरू होते, कारण पुढची गोष्ट बेल लॅब्सच्या बाजूने सांगितली गेली. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात मल्टिक्स एमआयटीत सगळ्यांसाठी सुरूही झाली. जीईचा संगणक व्यवसाय हनीवेलने घेतला आणि ती विकली. सुरक्षिततेच्या अमेरिकी परीक्षेत तिने १९८५ मध्ये बी२ दर्जा मिळवला, तोवर तो कुणालाच मिळाला नव्हता. शेवटची मल्टिक्स कॅनडाच्या संरक्षण खात्याकडे हॅलिफॅक्सला होती. ती ३० ऑक्टोबर २००० रोजी बंद झाली. एकतीस वर्षं लोकांनी वापरलेल्या यंत्रणेला फसलेली कसं म्हणायचं?

मग युनिक्स मल्टिक्सच्या विरोधात जन्मली का?

विरोध कमी, ओढ जास्त. बेल लॅब्सने मल्टिक्स सोडल्यावर केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातून एक चांगली बैठक निसटली. रिची यांनी पुढे लिहून ठेवलं आहे की त्यांना नुसतं प्रोग्रॅम लिहायचं साधन परत नको होतं, जिच्याभोवती सोबत्यांचा गोतावळा जमेल अशी यंत्रणा हवी होती. एकत्र वापरायच्या यंत्रामुळे माणसं एकमेकांशी अधिक बोलू लागतात, हा त्यांचा अनुभव होता. मला वाटतं, टाइम-शेअरिंगबद्दल इतकं नेमकं दुसऱ्या कुणी लिहिलेलं नाही.

नवं यंत्र मागितलं तर मिळेना. १९६९ मध्ये कोपऱ्यातल्या, जुन्या पीडीपी-७ वर थॉम्पसन यांनी युनिक्सचं काम सुरू केलं. मेमरी १८ बिटांच्या आठ हजार शब्दांची. नाव मल्टिक्सवरच्या कोटीतून आलं: तिथे 'मल्टी', इथे 'युनि'. नवं पीडीपी-११ मिळालं ते पेटंट विभागाच्या टायपिंगसाठी मजकूर मांडणारी यंत्रणा बनवून देऊ, या वायद्यावर. तिथल्या टायपिस्ट युनिक्सच्या पहिल्या बाहेरच्या वापरकर्त्यांपैकी होत्या. १९७३ मध्ये यंत्रणेचा गाभा (कर्नेल) सी भाषेत पुन्हा लिहिला गेला, आणि जुलै १९७४ मध्ये थॉम्पसन-रिची यांचा निबंध छापून आला. त्याच्या शीर्षकातच युनिक्सची ओळख 'टाइम-शेअरिंग सिस्टिम' अशी आहे.

पासवर्ड नकोच म्हणणारेही होते, हे खरं?

हो. एमआयटीच्या एआय प्रयोगशाळेने साठच्या दशकाच्या शेवटी आयटीएस ही टाइम-शेअरिंग यंत्रणा लिहिली. सीटीएसएसच्या 'कम्पॅटिबल'ला उत्तर म्हणून तिचं नाव 'इनकम्पॅटिबल' ठेवलं. पासवर्ड नाहीत, दुसऱ्याच्या फायली उघड्या, दुसऱ्याच्या टर्मिनलवर काय चाललंय तेही बघता येई. यंत्र बंद पाडण्यात फुशारकी राहू नये म्हणून ते बंद पाडायची आज्ञाच सगळ्यांना दिलेली होती! इमॅक्स एडिटर १९७६ मध्ये या वातावरणात तयार झाला. रिचर्ड स्टॉलमन इथेच घडले, आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीला त्यांनी जो आकार दिला त्यात या प्रयोगशाळेची सवय स्पष्ट दिसते.

इंटरनेटचा आणि याचा संबंध काय?

थेट आहे. आर्पाच्या संगणक विभागात पुढे रॉबर्ट टेलर आले. त्यांच्या पेंटागॉनमधल्या कचेरीत तीन टर्मिनलं होती. सांता मोनिका, बर्कली आणि एमआयटी अशा तीन टाइम-शेअरिंग यंत्रांना जोडलेली. तिन्हींची लॉगिनची तऱ्हा वेगळी, आज्ञा वेगळ्या. एका गावातल्या माणसांशी बोलून झालं की उठून दुसऱ्या टर्मिनलपाशी जायचं. एकच टर्मिनल सगळीकडे का पोचू नये, हा त्यांचा प्रश्न आर्पानेटच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वज नेटवर्कच्या, मुळाशी आहे.

२९ ऑक्टोबर १९६९ ला लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या एसडीएस ९४० यंत्राकडे पहिला संदेश निघाला. ते यंत्र प्रोजेक्ट जीनीच्या कामातूनच बाजारात आलेलं. टाइप करायचा शब्द होता 'लॉगिन'. 'एल' पोचलं, 'ओ' पोचलं, आणि पलीकडचं यंत्र कोसळलं. नेटवर्कवरून गेलेला पहिला शब्द टाइम-शेअरिंगच्या दाराशी म्हणायचा शब्द होता, हे मला अजूनही रोमांचक वाटतं.

भारतात हे कधी पोचलं?

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, स्वतः बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० पासून चालत होता. १९६४ मध्ये अमेरिकन बनावटीचा सीडीसी ३६०० आला, त्यावर काम कार्डांचं आणि बॅचचंच. १९७० च्या दशकात रंगस्वामी नरसिंहन यांच्या पुढाकाराने तिथे सॉफ्टवेअर विकासाचं राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं आणि डेकच्या डीईसी-१० वर टर्मिनलापाशी बसून काम सुरू झालं. त्या केंद्रातून पुढे जुहूची एनसीएसटी ही संस्था झाली.

घरोघरी संगणक आल्यावर टाइम-शेअरिंग संपलं ना?

भाड्याने वेळ विकणाऱ्या कंपन्यांचा धंदा बसला, हे खरं. चिप स्वस्त झाल्यावर एका यंत्रात तीस जणांनी कोंबून बसायचं कारण उरलं नाही. पण घरच्या संगणकाला लवकरच एकाच माणसाची दहा कामं एकदम करायची वेळ आली, आणि पहिल्या पिढीच्या घरगुती यंत्रणांना ते नीट जमेना. कुंपण नव्हतं, एक प्रोग्राम अडकला की सगळं थिजायचं. शेवटी त्या सगळ्यांना जुन्या वाटेवर यावं लागलं. लिनक्स युनिक्सच्या धर्तीवर लिहिली गेली, ॲपलच्या यंत्रणा युनिक्सच्या कुळातल्या, अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स. आता पंगतीला माणसांऐवजी ॲप बसतात.

आणि क्लाउड म्हणजे तर मॅकार्थींची 'सार्वजनिक सेवा'च. दूरवरच्या यंत्राचा वेळ वापराल तेवढा, बिल महिन्याच्या शेवटी.

आजच्या यंत्रात त्या काळच्या खुणा कुठे दिसतात?

लिनक्सचं टर्मिनल उघडा. त्याला आतून अजून 'टीटीवाय' म्हणतात, म्हणजे टेलिटाइप. सेटिंगच्या फायलींच्या नावाशेवटी येणारं 'आरसी' हे सीटीएसएसच्या 'रनकॉम'चं. आज्ञांची यादी एका फाइलमध्ये ठेवून चालवायची ही सोय लुई पूझँ यांनी केली होती, आणि 'शेल' हे नावही त्यांचंच. मागे गुपचूप चालणाऱ्या कामांना 'डीमन' म्हणतात, तो शब्द प्रोजेक्ट मॅकच्या मंडळींनी भौतिकशास्त्रातल्या मॅक्सवेलच्या राक्षसावरून उचलला.

या यंत्रणा आज चालवून बघता येतात का?

येतात, आणि जरूर बघा. मल्टिक्सचा सगळा सोर्स कोड २००७ मध्ये खुला झाला. मूळ हार्डवेअरची हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्राम हौशी मंडळींनी वर्षानुवर्षं खपून लिहिले आहेत, त्यामुळे साध्या लॅपटॉपवर ती पूर्ण उभी राहते. सीटीएसएस आणि आयटीएसही तशाच चालवता येतात. सुरुवात आयटीएसपासून करू नका, तिच्या आज्ञा फार गूढ आहेत. मल्टिक्स बरी, कारण लिनक्सची सवय असेल तर बरंच ओळखीचं वाटतं.

लॉगिन झालं की 'हू' ही आज्ञा देऊन बघा. आत्ता यंत्रावर कोण कोण आहे ते ती सांगते. एमआयटीत रात्री उशिरा काम करणारे हीच आज्ञा देऊन कोण जागं आहे ते बघत. तुमच्या लॅपटॉपवर यंत्रणेची स्वतःची कामं सोडली तर माणूस म्हणून एकट्या तुमचंच नाव येईल. म्हणून जमलं तर एखाद्या मित्राला नेटवर्कवरून आत बोलवा, त्याला खातं काढून द्या आणि दोघं मिळून बसा.